सोनबीजाचा उजेड

"दिवे घालवा!"

डॉक्टर कॉर्बिन वेल यांनी हात वर केला आणि चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये काळोख झाला. बाहेर भर दुपार होती. गोठलेल्या तळ्यावर ऊन चकाकत होतं, पण आत खिडक्यांना जाड ब्लँकेटं लावली होती. प्रार्थना आटोपून सगळं टॉर्स्टन लेक गाव खाली येऊन बसलं होतं. हातात कॉफीचे कप, मांडीवर मुलं, आणि डोळे समोरच्या पांढऱ्या पडद्यावर.

पडद्यापुढच्या खुर्चीत इंगा ब्रेक्के बसल्या होत्या. डॉक्टरांनी कापसाची काडी त्यांच्या गालाच्या आतून फिरवली, काचपट्टीवर पुसली आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग खिशातून एक बुटकी बाटली काढली. आत पिवळंधमक पाणी.

"हे सोनं आहे, मित्रांनो! पण तुमच्या अंगठीतलं नाही. केसाच्या जाडीत हजारो मावतील इतका बारीक एकेक कण. त्याच्यावर मी चढवलंय कवच. आणि या कवचाला अक्कल आहे! निरोगी पेशी दिसली की ते म्हणतं, 'राम राम, चालू दे तुमचं.' आजारी पेशी दिसली की दार ठोठावतं. जिवंत आजारी पेशीच ते दार उघडते, कारण माझं सोनबीज जिवाला ओळखतं. आत गेलं की आधी उजेड पाडतं, आणि मग रोगाला भाजून काढतं. कापाकापी नाही, विष नाही, केस गळणं नाही. बघा!"

बाटलीतला एक थेंब पट्टीवर पडला. त्यांनी जांभळा दिवा लावला आणि पडदा उजळला. काळ्याभोर पडद्यावर हिरवट पिवळ्या ठिणग्या दिसू लागल्या.

"पहिल्या आठवड्यात आठवतंय? पडदा नुसता भरून गेला होता. आणि आज? मोजून घ्या! रोग पळतोय, मित्रांनो, पळतोय!"

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटातली माणसं सहसा आवाज करत नाहीत. घर जळालं तरी "जरा गैरसोय झाली" म्हणतील. त्या दुपारी त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारचा सहा फुटी लाकूडतोड्या चष्मा काढून डोळे पुसत होता.

मी मूळची सांगलीची. अंगात येणाऱ्या बायका, लिंबू कापून रक्त काढणारे देवऋषी, सगळे लहानपणी जवळून पाहिलेत. तीस वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. पण कुठेही जा, पळसाला पानं तीनच. आमचा देवऋषी निदान कोंबड्यावर भागवायचा. हा कार्ड घासून पैसे घ्यायचा. आणि चमत्कार तिथे नमस्कार ही म्हण फक्त आपलीच, हा माझा गैरसमजही त्या हॉलमध्ये फिटला.

तरी टॉर्स्टन लेकचे लोक भोळे नव्हेत. वर्षभरापूर्वी सांधेदुखीचं चुंबकी कडं विकणाऱ्याला त्यांनी गोड बोलून, वर सँडविच बांधून देऊन, गावाबाहेर पाठवलं होतं. मग या बाटलीला ते का भुलले? त्याचं कारण पहिल्या रांगेत बसलं होतं. इंगांचे पती, प्रोफेसर आर्लेन ब्रेक्के.

सगळं गाव त्यांना आर्लेन म्हणतं. मला ते कधी जमलं नाही, मी सरच म्हणते. आमच्या छोट्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर एकच काम केलं, आणि त्यातली बरीच वर्षं मी त्यांच्याबरोबर. वेलने जे सांगितलं ते खोटं असलं तरी शब्द सरांचेच होते. सोन्याचा अतिसूक्ष्म कण करायचा. तो नुसता रक्तात सोडला तर शरीर त्याला परका म्हणून खाऊन टाकतं, म्हणून त्याला गुळगुळीत कवच घालायचं. कवचावर अशी एक खूण बसवायची की रोगट पेशीला ती आपली वाटावी आणि तिने कणाला गिळावं. आत गेल्यावर तो कण रोगाची जागा दाखवेल, सोबत नेलेलं औषधही तिथेच टाकेल. काचेच्या बशीतल्या पेशींत आम्हाला हे साधलं. उंदरांत गेलो की बहुतेक सगळे कण यकृत गिळून बसायचं. रोगापर्यंत शंभरातला एक पोचला तरी आम्ही डोनट वाटायचो.

तर असा माणूस दर रविवारी आपल्या बायकोला हात धरून वेलच्या खुर्चीपर्यंत नेत होता. आणि एक शब्द बोलत नव्हता.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर बाटल्यांच्या टेबलाशी मला डार्सी लुंडीन भेटली. डार्सी शाळेची बस चालवते. धिप्पाड, तोंडाळ, हसरी पोरगी. तिला लिम्फोमा झाला होता, मानेतल्या गाठींचा कर्करोग. त्यातला जो प्रकार औषधाने बहुतेकांचा बरा होतो तो, आणि औषध चालूही होतं. डोक्यावरची लोकरी टोपी तिने मागे सरकवली.

"बघ गं वृंदा, केस यायला लागले!"

"उपचार संपले इतक्यात?"

"संपले कसले, सोडले मी. निम्म्यावर." तिने घरी रोज प्यायची बाटली पिशवीत टाकली. "अजून चार महिने ते विष कोण टोचून घेणार? माझी पोर मला बघून आजीच्या मागे लपते. आणि इथे तर पडद्यावरचे माझे डागही उतरले. डोळ्यांनी पाहिलेत."

"डार्सी, अगं गालाच्या पेशी बघून मानेतली गाठ कळत नाही. हा माणूस..."

"हो का? मग प्रोफेसर ब्रेक्के काय खुळे आहेत? हे सोन्याचं सगळं त्यांनीच काढलं ना? ते बायकोला आणतात इथे. आपल्या बायकोला, वृंदा! तू त्यांच्या हाताखालची ना? साहेबांपेक्षा तुला जास्त कळतं होय?"

ती बाटली घेऊन निघाली, आणि निघताना मला मिठी मारली. बाटलीचं बूच नीट लागलेलं नसावं. घरी येऊन पाहते तो माझ्या पांढऱ्या बाहीवर पिवळा डाग.

मी सिंकपाशी जाऊन डागाला साबण लावला. डाग लालभडक झाला.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला नको. हळदीच्या डागाला साबण लागला की काय होतं ते आपल्याकडे कुणालाही ठाऊक आहे. जांभळ्या दिव्याखाली हळद हिरवट पिवळी चमकते, हे फारसं कुणी पाहिलेलं नसतं एवढंच. मी हसले. हसता हसता रडू आलं, कारण मग मला दुसरी गोष्ट आठवली. सोनं इतकं बारीक केलं की ते पिवळं राहतच नाही, द्राक्षाच्या वाइनसारखं लाल होतं. हे मला पहिल्या दिवशी सरांनीच दाखवलं होतं. म्हणजे ती पिवळी बाटली पाहताक्षणी सरांना कळलं असणार.

शनिवारी सर तळ्यावर असतात. गोठलेल्या पाण्यावर त्यांची लाकडी खोपटी आहे. आत एक शेगडी, दोन बादल्या उलट्या टाकून केलेल्या बैठका, आणि बर्फाला पाडलेल्या भोकात सोडलेला गळ. मी आत शिरले आणि कापून रुमालात गुंडाळून आणलेली बाही समोर धरली.

"हळद आहे, सर."

त्यांनी डागाकडे पाहिलं. "अस्सं. काय आहे ते मला माहीत नव्हतं. सोनं नाही एवढं माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या रविवारपासून."

"आणि गप्प बसलात?"

त्यांनी गळाची दोरी जरा ओढून पाहिली. इंगांचा कर्करोग स्वादुपिंडातून यकृतात गेला होता. दवाखान्याने सांगितलं होतं, आता दुखणं कमी ठेवू, त्यापलीकडे आमच्या हातात काही नाही. हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

"चाळीस वर्षं मी तिला सांगत आलो, पुढच्या वर्षी आपला कण पोचेल," सर म्हणाले. "सुट्ट्या गेल्या, मुलांचे वाढदिवस गेले. तिने कधी कुरकुर केली नाही. आणि आपल्या कणांचं काय होतं ते तुला ठाऊकच आहे."

"यकृत गिळतं."

"यकृत गिळतं. त्या दिवशी तो पडदा उजळला ना, तर तिने माझा हात घट्ट धरला. म्हणाली, 'आर्लेन, पोचला बघ तुझा कण.' माझ्या जागी तू असतीस तर काय बोलली असतीस?"

खरं सांगते, एकट्या इंगांचा प्रश्न असता तर मीही गप्प बसले असते. बुडत्याच्या हातातली काडी कोण काढून घेईल?

"सर, डार्सीने उपचार सोडले."

"कोण डार्सी? बसवाली?" त्यांनी चमकून वर पाहिलं. "तिचा तर बरा होणारा आहे! कुणी सांगितलं तिला सोडायला?"

"तुम्ही."

त्यांना आधी कळलंच नाही. मग मी डार्सीचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आपल्या बायकोला आणतात, वृंदा, हे शब्दसुद्धा. गळाला मासा लागला होता, दोरी हिसके देत होती. सरांनी तिकडे पाहिलं नाही.

"मी बोलू का उद्या?" मी विचारलं.

"तुझं ऐकणार नाहीत. माझ्यामुळे बसलेत ते. मलाच उठवायला हवं." मग अगदी हळू म्हणाले, "इंगाला घरी सांगतो आधी."

रविवारी मी हॉलमध्ये शिरले तेव्हा इंगांनी निळा झगा घातला होता, ओठांना रंग लावला होता. माझ्याकडे पाहून त्यांनी हात हलवला. सरांचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की घरी सांगणं झालेलं नाही.

वेलने हात वर केला. "दिवे..."

"थांबा जरा," सर उठले. "आज आधी माझी पेशी बघा."

"प्रोफेसर! अहो, तुम्हाला काय झालंय? तुम्ही तर ठणठणीत."

"म्हणूनच."

लोक हसले. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. सरांनी स्वतःच गालातून काडी फिरवली आणि कोपऱ्यातल्या कॉफीच्या पिंपाकडे गेले. शेजारच्या किटलीत पाणी खळखळत होतं. त्यांनी ती काडी कपभर उकळत्या पाण्यात बुडवून ठेवली.

"हे काय चाललंय?" वेलचा आवाज किंचित चढला.

"मारतोय त्यांना. उकळत्या पाण्यात पेशी जगत नाहीत. तुमचं सोनबीज जिवाला ओळखतं म्हणालात. माझ्या अंगात रोग नाही, आणि आता या पेशींत जीवही नाही. टाका थेंब."

"त्यासाठी श्रद्धेचं वातावरण लागतं. शंकेच्या कंपनांनी कवच मिटून जातं, हे विज्ञान आहे, तुम्ही..."

"मग उजेड पडणार नाही. पडला नाही तर मी सर्वांदेखत माफी मागेन. टाका."

एवढ्या लोकांसमोर वेलला माघार घेता येईना. सरांनी काडी काचपट्टीवर पुसली आणि त्याने थेंब टाकला. दिवे गेले. जांभळा दिवा लागला आणि पडदा हिरव्या पिवळ्या ठिणग्यांनी काठोकाठ भरला. इंगांच्या पहिल्या रविवारी दिसल्या त्याहून जास्त, त्याहून लखलखीत.

कुणी टाळी वाजवली नाही.

"दिवे लावा," सर म्हणाले. "जिवंत पेशी म्हणजे माणसं राहतात ते घर. कोण येतंय ते बघूनच दार उघडतं. तिला फसवून आत शिरायला मी चाळीस वर्षं खर्ची घातली. मेलेल्या पेशीचं दार सताड उघडं. सोनं येवो, हळद येवो, कॉफी येवो, काहीही आत शिरतं. गालातून काडीने खरवडलेल्या पेशी बहुतेक मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्याच असतात. आमच्या प्रयोगशाळेत पेशी चमकली की आम्ही नाचत नाही. तेच औषध आधी मेलेल्या पेशीवर टाकतो. तीही चमकली तर आमचा चमत्कार कचऱ्याच्या डब्यात. माझे असे डबेच्या डबे गेलेत."

"तेच तर!" वेलने टेबलावर हात आपटला. "चाळीस वर्षांत ज्याला जमलं नाही, त्याच्या पोटात दुखतंय!"

"खरं आहे," सर म्हणाले. "मला नाही जमलं. म्हणून तुम्हाला जमलं असं होत नाही."

मागून एक म्हातारबुवा उठले. "पण आर्लेन, डाग कमी होत गेले ते? ते तर आम्ही पाहिलं की रे."

उत्तर डार्सीकडून आलं. ती केव्हा उठून टेबलापाशी गेली होती कुणास ठाऊक. टोपी हातात, चेहरा पांढराफटक.

"माझ्या पट्टीवर पहिल्या वेळी किती थेंब टाकले होते?" तिने वेलला विचारलं. "तीन. मग दोन. मागल्या खेपेला एक. तुम्हीच म्हणालात, रोग कमी झाला की डोस कमी. आता टाका तीन. पहिल्यासारखे."

"बाळ, तसं करणं धोक्याचं..."

तिने त्याच्या हातातली बाटली घेतली. काडी स्वतः फिरवली, तीन थेंब स्वतः टाकले, हॉलचे दिवे मालवून जांभळा दिवाही स्वतःच लावला. पडदा गच्च भरून गेला, अगदी पहिल्या दिवशीसारखा. अंधारात तिचा आवाज आला, "म्हणजे इतके आठवडे मी उपचार सोडून नुसतीच बसून राहिले." मग ती खाली बसली आणि लहान मुलासारखी रडू लागली.

दिवे लागले तेव्हा वेल सामान भरत होता. अजूनही लाज वाटते सांगायला, पण मिनेसोटा तो मिनेसोटा: दोघांनी त्याच्यासाठी दार धरलं आणि एकाने त्याचा सूक्ष्मदर्शक गाडीत ठेवायला मदत केली. उलट सरांच्या जवळून जाताना पुष्कळांनी नजर फिरवली. "काय गरज होती?" एक बाई माझ्या कानाशी कुजबुजली. "आशा तर होती माणसांना."

इंगा अजून त्या खुर्चीतच होत्या. सर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. मी दोन पावलांवर उभी होते, ऐकू नये असं वाटत होतं आणि हलताही येत नव्हतं.

"म्हणजे तो तुझा कण नव्हता," इंगा म्हणाल्या.

"नाही."

"आणि तुला माहीत होतं."

"हो."

त्यांनी सरांच्या केसांवरून हात फिरवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आर्लेन, एक महिना थांबला असतास रे. माझ्यापुरता."

"डार्सीला महिना नव्हता, इंगा."

त्यांनी मान वळवून डार्सीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "पोरी, रडतेस काय? उद्या सकाळी दवाखान्यात जा. बस दुसरं कुणी चालवेल." आणि सरांकडे न बघता, चर्चच्या पास्टर जोआनच्या गाडीतून घरी गेल्या.

डार्सी सोमवारी दवाखान्यात गेली. गाठी पुन्हा वाढल्या होत्या. आधीचं औषध आता पुरणार नव्हतं, जास्त जहाल घ्यावं लागलं, आणि तिने ते घेतलं. बाकीचेही एकेक करून आपापल्या डॉक्टरांकडे परतले. सगळे नाही. एक गृहस्थ वेलच्या मागे शेजारच्या जिल्ह्यात गेले आणि उन्हाळ्यात वारले.

इंगा तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आत गेल्या. शेवटपर्यंत सरांनीच त्यांचं सगळं केलं. दोघं बोलायची, एकमेकांना वाचून दाखवायची. पण सर मला एकदा म्हणाले, "लग्न झाल्यापासून मी घरी आलो की ती विचारायची, 'पोचला का आज?' त्या रविवारनंतर नाही विचारलं तिने." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

दफनानंतर हॉलमध्ये जेवण होतं. डार्सी आली, पुन्हा टक्कल झालेली, काठी टेकत. सरांसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "गाठी निम्म्याने उतरल्यात. खऱ्या तपासणीत." सरांनी तिचे दोन्ही हात धरले आणि भर हॉलमध्ये हमसून हमसून रडले. त्या गावात पुरुष असा रडलेला मी पहिल्यांदा पाहिला. या वेळी मात्र कुणी नजर फिरवली नाही.

मला कित्येक जण म्हणतात, मरणाऱ्या माणसाला थोडं खोटं सुख मिळालं तर बिघडलं कुठे? मलाही त्या खोपटीत वाटलं होतं तसं. पण खोटी आशा ज्याच्यासाठी ठेवली त्याच्याच उशाशी थांबत नाही. ती शेजारच्या घरात शिरते, आणि तिथे औषधाची बाटली बंद होते. शिकलेल्या माणसाचं मौन तर सगळ्यांत वाईट. बुवाच्या बडबडीपेक्षा लोक त्याच्यावर जास्त विश्वास ठेवतात.

म्हणून हात जोडून सांगते. चमत्कार दिसला तर आधी विचारा: हेच मेलेल्यावर टाकून पाहिलं का? धडधाकट माणसावर पाहिलं का? ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला राग येणार नाही. आणि तुम्हाला आतली गोष्ट माहीत असेल तर बोला, आपलं माणूस समोर बसलेलं असलं तरी बोला. काळीज फाटेल. सरांचं फाटलंय, ते अजून शिवलं गेलेलं नाही. पण डार्सीची पोर आता आईला बघून लपत नाही.